आडवी ठेवलेली बाटली

पॅसेजमधलं कपाट उघडलं आणि कांद्यांचा वास आला. ऑफिसातून घरी आलं की बूट काढायच्या आधी हे कपाट उघडायचं, आतल्या तापमापकावर नजर टाकायची आणि दार हळूच लावून घ्यायचं, ही त्याची कित्येक वर्षांची सवय होती. खालच्या फळीवर, बाटल्यांना अगदी खेटून, कांद्यांची टोपली ठेवलेली होती. वर लसणाचे दोन गड्डे. दुसरा कुठला महिना असता तर त्याने घर डोक्यावर घेतलं असतं. वाईनच्या शेजारी उग्र वासाचं काही ठेवायचं नाही, बूच श्वास घेतं, वास आत ओढतं, हे त्याने या घरात इतक्या वेळा सांगितलं होतं की भिंतींनाही ते पाठ झालं असेल. आज तो काही बोलला नाही. त्याने दार लावून घेतलं. मागे वळला तर बायको स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती आणि त्याच्याकडेच बघत होती.

"कांदे दिसले ना?"

"दिसले."

"ओट्याखाली दमट होतंय. कोंब यायला लागले होते. म्हणून तिथे ठेवले."

"बरं केलंस."

ती तरीही बघत राहिली. तलावात बुडी मारलेलं मूल वेळेत वर आलं नाही की काठावरून ती जशी पाण्याकडे बघायची, तसंच हे बघणं होतं. ती पोहायला शिकवायची. गळ्यात शिट्टी, आवाज खणखणीत, चालणं असं की खालच्या मजल्यावरच्यांना ती कुठल्या खोलीत आहे ते कळावं. आता मानेवर, कानाच्या थोडं खाली, पांढऱ्या पट्टीचा चौकोन होता. त्याखालच्या गाठीचा तुकडा तपासायला गेला होता आणि उद्या अकरा वाजता त्याचं काय ते कळणार होतं. तो बूट काढायला खाली वाकला. वाकल्यामुळे तोंड लपलं, आणि लेस सुटायला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ त्याने लावला.

ऑफिसात त्याला पारा म्हणत. तापमापक तपासणं हेच त्याचं काम असल्यामुळे हे नाव पडलं, आणि त्याचा स्वभाव बघून ते टिकलं. शीतगृहांतून, दवाखान्यांतून, औषधांच्या कारखान्यांतून तापमापक त्याच्या टेबलावर यायचे. तो ते बर्फाच्या पाण्यात ठेवायचा, मग कोमट पाण्यात, मग उकळत्या. प्रत्येक तापमापक थोडं तरी खोटं बोलतो, असं तो नव्या माणसांना पहिल्याच दिवशी सांगायचा. आपण त्याला सुधारायचं नाही, तो किती खोटं बोलतो तेवढं लिहून द्यायचं. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, त्याने कधी आकडा गोड करून दिला नाही. त्यापायी दोनदा साहेबांशी वाजलं आणि एकदा बढती हुकली. बायकोने ते नाव ऑफिसच्या एका समारंभात ऐकलं आणि घरी आणलं. "पारासाहेब, आज किती चढलाय?" असं ती दारातच विचारायची. गेल्या काही आठवड्यांत तिने ते विचारलं नव्हतं. पारा चढतच नव्हता. मीठ जास्त पडलं तरी तो "छान झालंय" म्हणायचा, ओला टॉवेल पलंगावर दिसला तर स्वतः उचलून वाळत घालायचा, आणि आपण किती समजूतदारपणे वागतोय असं त्याला रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटायचं. शेजारी ती डोळे मिटून जागी असायची, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

हात धुताना आरशात त्याला स्वतःचा चेहरा नीट दिसला नाही, कारण तो बघत होता कपाटाच्या दाराकडे. आरशातून पॅसेज दिसायचा. हे घर घेतलं तेव्हा बाकीच्यांनी उजेड बघितला, वारा बघितला. त्याने तापमापक खिशात घालून प्रत्येक भिंतीपाशी उभं राहून बघितलं होतं. दलालाला वाटलं हे ओल शोधतायत. बाहेरची भिंत दुपारी तापते, स्वयंपाकघराची शेगडीने तापते, न्हाणीघराची गरम पाण्याच्या नळाने. पॅसेजमधली ही एकच भिंत अशी होती की तिला ऊनही लागत नव्हतं आणि आगही. तिथल्या कपाटाची खालची फळी त्याने वाईनला दिली. चपला, छत्र्या आणि इस्त्री बिचाऱ्या वर चढल्या. फळीवर जाड लोकर अंथरली, म्हणजे पावलांचा हादरा बाटल्यांपर्यंत पोचू नये. आतला दिवा काढून टाकला. कोपऱ्यात ओल्या वाळूचं पसरट भांडं ठेवलं, कारण हवा कोरडी झाली की बूच आक्रसतं. आणि बाटल्या आडव्या, म्हणजे वाईन बुचाला सतत भिजवत राहील. वरच्या मजल्यावरचे शेजारी त्यांची बाटली फ्रिजच्या डोक्यावर उभी ठेवायचे. तिथे उष्णता, उजेड, हादरा, तिन्ही एकाच जागी, असं याने त्यांना तोंडावर सांगितलं होतं. तेव्हापासून त्यांच्याकडून बोलावणं आलं नाही. "तू लोकांना बरं वाटू देशील तर शपथ," बायको म्हणाली होती, आणि मग जिन्यातच इतकी हसली होती की तिला कठडा धरावा लागला.

बाटल्या यायच्या, जायच्या. कधी तीन असत, कधी चार. एक मात्र भिंतीच्या अंगाला कायमची होती. मुलगा शिकायला दुसऱ्या शहरात गेला त्या वर्षी, घर फार मोठं वाटायला लागलं म्हणून, दोघं कुठेतरी जायचं म्हणून गेले आणि एका द्राक्षमळ्यावर उतरले. तिथल्या म्हाताऱ्या मालकाने ती बाटली स्वतः कागदात गुंडाळून दिली. म्हणाला, हिला दहा-बारा वर्षं झोपू द्या, मध्ये उठवू नका. परतीच्या वाटेवर बायकोने ती मांडीवर घेतली होती, लहान मूल घ्यावं तशी, आणि प्रत्येक खड्ड्याला हा गाडी चालवणाऱ्यावर ओरडत होता. त्यानंतर मुलाला नोकरी लागली. ती म्हणाली उघडूया. अजून नाही, हा म्हणाला. तिच्या तलावावरची एक मुलगी मोठी स्पर्धा जिंकली, तेव्हा ती म्हणाली, आज तरी. अजून नाही. चांगला दिवस येऊ दे. "याच्याहून चांगला कुठला?" असं ती तेव्हा म्हणाली होती, रागाने नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून. त्याने तिला वाईन कशी मुरते ते समजावून सांगितलं. ते सगळं बरोबर होतं. नळ बंद करताना आत्ता त्याला वाटलं, एवढं बरोबर असायची काय गरज होती.

"ऐक ना," ती बाहेरून म्हणाली. "आज ती बाटली उघडूया."

ती कुठल्या बाटलीबद्दल बोलतेय हे विचारायची गरज नव्हती. टॉवेल हातात धरून तो तसाच उभा राहिला. म्हाताऱ्याच्या हिशोबाने अजून चार वर्षं बाकी होती. नाही म्हणावं, नेहमीसारखं, चिडून म्हणावं, तर तिला वाटेल, याला आपल्यापेक्षा बाटली प्यारी. हो म्हणावं, तर चार वर्षांचं काय? चार वर्षं आहेत, भरपूर आहेत, घाई कसली, असं ज्याला वाटतं तो माणूस हो म्हणेल का? विचारताना तिचा आवाज सरळ होता, आणि तिचा सरळ आवाज त्याला कधीच वाचता आला नव्हता. उशीर होत चालला होता. उत्तराला उशीर झाला की तेही एक उत्तर होतं.

"चालेल की," तो म्हणाला. आवाज त्याला हवा होता तेवढा हलका निघाला, थोडा जास्तच.

मग ती "बरं" म्हणाली, आणि एवढंच म्हणाली.

ग्लास काढायला तो बाहेर आला तेवढ्यात फोन वाजला. मेव्हण्याचा. तो फोन घेऊन गॅलरीत गेला आणि दार ओढून घेतलं. मेव्हणा हिचा थोरला भाऊ, मनाने चांगला, पण प्रत्येक गोष्टीत पुढाकार घ्यायची खोड. "डॉक्टरांशी पुन्हा बोललो," तो खालच्या आवाजात म्हणाला, जणू त्याच्याही घरात कुणी ऐकत होतं. "उद्या तुम्ही एकटे जा. डॉक्टर आधी तुम्हाला सांगतील. मग आपण दोघं बसून ठरवू, तिला किती सांगायचं. तिला म्हणा, अजून तारीख दिली नाही." हा "हं" म्हणाला. गेल्या आठवड्यात ही कल्पना पहिल्यांदा निघाली तेव्हाही तो "हं"च म्हणाला होता, आणि त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं. आपण एकट्याने आधी ऐकायचं, पचवायचं, आणि मग तिला झेपेल तेवढं, ऊब देऊन, हळूहळू. ती झोपली असताना त्याने वाक्यंसुद्धा जुळवली होती. वाईट असेल तर ही, फार वाईट असेल तर ती. ज्या माणसाने आयुष्यात एकदाही आकडा गोड करून दिला नव्हता, त्याला बायकोसाठी ते इतकं सहज जमलं याचं त्याला आश्चर्य वाटलं होतं, आणि थोडं कौतुकही. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, पुन्हा पुन्हा, जागा पुरत नव्हती. तो ते बघत राहिला. फोन केव्हाच बंद झाला होता.

"कुणाचा होता?"

"ऑफिसचा. उगाच काहीतरी."

ती टेबलाशी बसली होती. तिने चांगला कुर्ता घातला होता आणि केस बांधले होते, त्यामुळे पट्टी पूर्ण दिसत होती. बाटली त्याने कपाटातून आडवीच काढली आणि आडवीच टेबलापर्यंत आणली. खरं तर जुनी बाटली उघडायची तर एक दिवस आधी उभी करून ठेवायची असते, म्हणजे गाळ तळाशी बसतो. त्याबद्दलही तो बोलला नाही. म्हाताऱ्याने गुंडाळलेला कागद काढला. बूच काढायचा स्क्रू फिरवताना त्याचे हात व्यवस्थित चालले, हातांना कामाची सवय होती. बूच अखंड निघालं, खालून गर्द लाल, वरून कोरडं, कुठे गळतीची रेघ नाही, बुरशी नाही. इतकी वर्षं आपण ठेवली ती नीट ठेवली, असं त्याच्या मनात आलं आणि ऊर भरून आला. मग त्याने बूच नाकाशी धरलं.

ओल्या पुठ्ठ्याचा वास. तळघरात राहिलेल्या, भिजून वाळलेल्या रद्दीचा. त्याने ग्लासात घोटभर ओतली, फिरवली, पुन्हा हुंगली. फळाचा वास नाही, लाकडाचा नाही, काही नाही. फक्त तो वास. जिभेवर घेतली तर बेचव, मेलेली. त्याने असल्या वाईनबद्दल वाचलं होतं, एकदा दुसऱ्याच्या घरी चाखलीही होती. असं एखादं बूच निघतं. दोष त्याच्यात पहिल्यापासून असतो, बाटलीत बसवलं त्या दिवसापासून. मग तुम्ही ती अंधारात ठेवा, थंडाव्यात ठेवा, खाली लोकर घाला, आतल्या आत ती बिघडतच असते आणि बाहेरून ताकास तूर लागू देत नाही. नजर तिच्या मानेकडे जाऊ नये म्हणून त्याने ती ग्लासावर रोखून धरली.

"कशी आहे?" तिने विचारलं.

"छान आहे," तो म्हणाला. "मस्त मुरलीय."

त्याने तिचा ग्लास भरला. भरताना मनात म्हणाला, हिला काय कळणार. हिला तर नेहमी सगळ्या सारख्याच लागतात. तिने एक घोट घेतला. तिचं तोंड किंचित वाकडं झालं आणि तिने ते लगेच सरळ केलं.

"अशीच लागते का?"

"जुनी अशीच लागते. सवय व्हावी लागते."

"असेल," ती म्हणाली, आणि तिने दुसरा घोट घेतला. मग तिसरा. प्रत्येक घोटाआधी ती थोडी थांबत होती, लहानपणी कडू औषधाआधी थांबतात तशी, आणि मग गिळून त्याच्याकडे बघून जरासं हसत होती. इतकी वर्षं जपली त्याने, आता त्याचा विरस नको, एवढंच त्या हसण्यात होतं. ते त्याला स्पष्ट दिसलं. ती त्याच्या शब्दावर खराब झालेली वाईन पीत होती. उद्या तो जे सांगेल तेही ती असंच गिळेल, असंच हसून, पुन्हा एकदा न विचारता. मग रात्री डोळे मिटून जागी राहील, तोही जागा राहील, आणि दोघांच्या मध्ये ते 'छान आहे' निजेल. तिने ग्लास पुन्हा उचलला.

"पिऊ नकोस," तो म्हणाला आणि तिच्या हातातून त्याने ग्लास काढून घेतला. वाईन टेबलावर सांडली. "खराब झालीय ती. बूच खराब होतं. हुंगल्याबरोबर कळलं मला."

"मग छान का म्हणालास?"

ती वाट बघत बसली. तलावाच्या काठावर ती अशीच थांबायची, पोरगं स्वतःहून पाण्यात उतरेपर्यंत.

"तू आज विचारलंस म्हणून," तो शेवटी म्हणाला.

"मी आज का विचारलं, सांगू? तू नाही म्हणावंस म्हणून." तिचा आवाज चढला, आणि त्या आवाजाने टेबलावरचा चमचा जरा वाजल्याचा त्याला भास झाला. "दुपारी कांदे मुद्दाम ठेवले मी तिथे. ओट्याखाली काही दमट नाही. म्हटलं आता तरी ओरडेल. तू म्हणतोस, बरं केलंस. भाजीत परवा दोनदा मीठ घातलं मी. तू दोन वेळा वाढून घेतलंस. मेलेल्या माणसाबद्दलसुद्धा कुणी एवढं चांगलं बोलत नाही रे. तू गोड वागायला लागलास ना, तेव्हापासून माझी झोप उडालीय. डॉक्टरांनी काही सांगायच्या आधी तूच मला रोज सांगतोयस."

तो उभाच होता, तिचा ग्लास हातात धरून. सारवासारव करावी अशी दोन-तीन वाक्यं तोंडापर्यंत आली. ती सगळी त्याने रात्री जुळवलेल्या वाक्यांसारखीच वाटली, म्हणून त्याने ती गिळली.

"फोन ऑफिसचा नव्हता," तो म्हणाला. "तुझ्या दादाचा होता. उद्या अकराला बोलावलंय. मी एकटाच जाणार होतो. आधी मी ऐकणार, मग आम्ही दोघं ठरवणार, तुला किती सांगायचं."

"किती सांगायचं," ती म्हणाली. तिने ते शब्द सावकाश म्हटले. त्याला वाटलं आता ती ओरडेल, आणि तिने ओरडावं असंच त्याला वाटत होतं. ती उठली, फडकं आणलं आणि टेबलावरची वाईन पुसली. पुसून झालेल्या जागीही ती पुसत राहिली.

"मान माझी आहे," ती म्हणाली. "डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीत मी बसणार. तुला यायचं असेल तर शेजारी बस आणि तोंड बंद ठेव. दादाला मी कळवते." मग फडक्यावरचा हात थांबला. "आणि तिथून बाहेर आल्यावर मला छान म्हणू नकोस. काहीही असलं तरी. घाबरलास तर घाबरलो म्हण. तेवढं जमेल?"

तो जमेल म्हणणार होता. मग त्याला वाटलं की हेही उद्यावर टाकणंच झालं.

"घाबरलोय," तो म्हणाला. "आत्ताच. त्यांनी तुकडा काढला त्या दिवसापासून. मला ऑफिसात काही दिसत नाही, तापमापक हातात धरून नुसता बसतो." बोलता बोलता तो खुर्चीत बसला. आवाज फुटला, तो त्याने फुटू दिला.

तिने फडकं टाकलं आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हात ओला होता, त्याला वाईनचा वास येत होता. एवढे दिवस या घरात एकाने दुसऱ्याला घाबरायची सवडच दिली नव्हती.

"मी पण," ती म्हणाली.